अप्पांचा आखाडा आणि राखीव प्रभाग

"सून बोलत नाय, तेच बरं हाय. तिलाच उभी करू."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी दाराच्या अलीकडे चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि पलीकडे हॉलमध्ये माझे सासरे, अप्पा, बाळूदादाला हे सांगत होते. बाळूदादा म्हणजे अप्पांचा जुना कार्यकर्ता. आमचा ठाकुर्लीचा प्रभाग त्याच दिवशी सोडतीत महिलांसाठी राखीव निघाला होता. अप्पांना स्वतःला उभं राहता येणार नव्हतं. मी आत जाऊन कप ठेवले, तर दोघांनी घाईघाईने हवेचा विषय काढला.

"सूनबाई, बस ना जरा," अप्पा म्हणाले.

लग्न झाल्यापासून अप्पांनी मला कधी 'बस' म्हटलं नव्हतं. मी ट्रे उचलला आणि आत सटकले!

माझं माहेर नौपाड्यातलं. तिथे पाहुणा आधी फोन करतो, मग येतो, आणि पोहे खाऊन वेळेत जातो. इथे दारातली बेल सकाळी जी सुरू होते ती थांबत नाही. तालमीतले पैलवान येतात, पाण्याची तक्रार घेऊन सोसायटीवाले येतात, कोणाच्या तरी बारशाचं आमंत्रण येतं. आणि प्रत्येकजण चपला दारात आणि एक किस्सा हॉलमध्ये सोडून जातो. चपला निदान परत नेतात! किस्से साठत राहतात. आणि मी नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये लोकांची श्रवणशक्ती तपासते, त्यामुळे गप्प बसून ऐकण्याची सवय माझ्या नोकरीतच आहे. तेव्हा हे सगळं माझ्याकडेच जमा होणार होतं.

*

अप्पा जिल्ह्याच्या कुस्ती संघटनेचे कार्याध्यक्ष. नगरसेवक नंतर झाले. भिंतीवर फेटा बांधलेले, गदा घेतलेले त्यांचे इतके फोटो आहेत की मला वाटायचं, हे मोठे पैलवान असणार.

एकदा मी सासूबाईंना विचारलं, "आई, अप्पा किती कुस्त्या खेळले?"

"एक."

"एकच?"

"टिटवाळ्याच्या बाजूला जत्रा होती. नारळाची कुस्ती, म्हंजे बक्षिसाला नुसता नारळ. हलगीवाला हलगी शेकत होता गो, ती तापायच्या आत हे आभाळ बघत पडले होते!"

पण खरी गंमत पुढे आहे. अप्पा उठले, अंगाची माती झटकली आणि थेट माइकवाल्याकडे गेले. आपण का हरलो हे लोकांना समजावून सांगावं, एवढाच हेतू होता. ते बोलणं इतकं रंगलं की पंचांनी पुढच्या सगळ्या कुस्त्यांची नावं त्यांनाच पुकारायला लावली.

"तेव्हापासून माइक हातात हाय," आई म्हणाल्या. "जिंकणारा कोण होता ते त्यालापण आठवत नसेल आता."

*

अप्पा राजकारणात कसे आले, हा किस्सा बाळूदादा सांगतो. तो सांगताना उठून उभा राहतो, त्यामुळे मला दरवेळी टीपॉय बाजूला घ्यावा लागतो.

एका मैदानात दोन गावांचे दोन मल्ल भिडले होते. कुस्ती निकाली निघेना. अंधार पडायला लागला, दोन्ही गावांची पोरं आखाड्यात उतरायला लागली, कोणीतरी बाकडंही उचललं. अप्पांनी माइक घेतला आणि जाहीर केलं, "कुस्ती बरोबरीत! दोन्ही पैलवान विजयी!" लगेच दोघांना फेटे बांधले. एवढ्यावर न थांबता ज्याने बाकडं उचललं होतं त्यालाही व्यासपीठावर बोलावलं आणि 'बैठक व्यवस्था' चोख ठेवल्याबद्दल त्याचा सत्कार केला!

प्रमुख पाहुणे म्हणून एका पक्षाचे पुढारी आले होते. ते गाडीत बसताना म्हणाले, "हा माणूस कुस्तीत वाया चाललाय."

पुढच्या निवडणुकीत अप्पा नगरसेवक!

*

आखाड्यातल्या सवयी मात्र सुटल्या नाहीत. कुस्ती संपली की अप्पा दोन्ही मल्लांची मनगटं धरून मधे उभे राहतात आणि जिंकलेल्याचा हात वर करतात. इतकी वर्षं केलंय की आता दोन माणसांच्या मधे उभं केलं तरी त्यांचा हात आपोआप उठतो.

आमच्या भागातले एक मोठे बागायतदार वारले. जमिनीवरून त्यांच्या दोन मुलांचं आधीपासूनच वाजलेलं. शोकसभेत अप्पा बोलायला उभे राहिले, एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. भाषण छान झालं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटी 'त्यांच्या आत्म्यास शांती लाभो' म्हणताना अप्पांनी दोघांची मनगटं धरली आणि थोरल्याचा हात वर केला!

थोरला हात खाली ओढायला लागला, अप्पा सोडेनात.

मग धाकटा म्हणाला, "अप्पा, निकाल कसला देताय? अजून दहावं व्हायचंय!"

*

माझ्या लग्नातही त्यांनी माइक घेतलाच. नौपाड्यातला हॉल, आमच्याकडची माणसं हळू बोलणारी. अंतरपाट दूर झाला, आणि स्पीकरमधून अप्पांचा आवाज: "ठाकुर्लीचा केदार आणि नौपाड्याची ऋचा! जोड तोलामोलाची हाय, मंडळी! टाळ्या!"

माझे मामा, ज्यांनी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नाही, ते पहिल्या रांगेतून म्हणाले, "वजनं केव्हा करणार?"

अप्पांना मामा तेव्हापासून फार आवडतात.

*

अप्पांनी पक्ष किती बदलले ते मी विचारत नाही. पण आईंच्या स्वयंपाकघरात ओटा पुसायची फडकी वेगवेगळ्या रंगांची आहेत, आणि सगळ्यांना काठ आहे. पक्ष बदलला की जुनी उपरणी कपाटातून थेट ओट्यावर!

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काही मोठे पाहुणे येणार होते. आई हातातलं काम टाकून हॉलच्या दाराशी गेल्या आणि ओरडल्या, "अवं, कुठल्या पक्षाचे येतायत ते सांगा! म्हंजे त्या रंगाचं फडकं आत टाकते."

मी केदारकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "सवय होईल."

*

तर अशा घराने मला उमेदवार करायचं ठरवलं होतं. मला सोडून सगळ्यांना सांगून.

मला क्लिनिक सोडायचं नव्हतं. मला भाषण द्यायचं नव्हतं. स्वागत-कमानीवरच्या फोटोत हात जोडून उभं राहायचं नव्हतं. हे मी केदारला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." या घरात 'बघू' म्हणजे बघून झालेलं असतं! मी अप्पांना सांगायला हॉलमध्ये गेले की तिथे पंधरा माणसं बसलेली असायची, आणि सांगायला गेलेली मी चहा किती टाकायचा ते मोजून परत यायचे. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर. दिवसा उगाच फ्रीज उघडायचा, आत बघायचं, बंद करायचा.

आणि एक दिवस क्लिनिकमध्ये एक आजोबा आले. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, मुलगी ठाकुर्लीला राहते. हेडफोन लावला, मशीन सुरू केलं. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. आजोबा एकही बटण दाबेनात. मी आवाज वाढवत गेले. शेवटी त्यांनी हेडफोन काढला आणि हसून म्हणाले, "तुम्ही नगरसेविका होताय म्हणे!"

ज्याला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यानेही ऐकलं होतं!

*

मग बॅनरसाठी फोटो. फोटोग्राफर घरीच आला. हॉलच्या भिंतीवरच्या गदा बाजूला केल्या, पांढरा पडदा लावला. मला आईंची नवी साडी, केसात गजरा. अप्पा समोर खुर्ची टाकून बसले.

"सूनबाई, हस. नको, एवढं नको. आता गंभीर. नको, कोणी गेल्यासारखं वाटतंय."

आई दाराला टेकून बघत होत्या. त्यांना राहवेना. "कोपरं आत घे गो. अशानं मत मागायला नाय, वाटीभर साखर मागायला आल्यासारखी दिसतेस." आणि दाखवायला म्हणून त्या पडद्यासमोर आल्या. ओटा पुसायचं फडकं खांद्यावर, हात जोडलेले, मान किंचित वाकवलेली, आणि डोळे समोरच्याच्या डोळ्यांत.

फोटोग्राफरने खटकन बटण दाबलं. कॅमेऱ्यात बघितलं. परत बघितलं. "साहेब, ही भारी आलीय."

"ती कशाला?" अप्पा म्हणाले. "काढून टाक ती."

आई हसल्या आणि आत गेल्या. त्या दुपारी स्वयंपाकघरात एकही भांडं हळू ठेवलं गेलं नाही.

अप्पांच्या खुर्चीमागे उभा असलेला बाळूदादा चाचरत म्हणाला, "अप्पा, मी काय म्हणतो, वहिनींनाच उभं केलं तर? निवडून येतील."

"येईल रे! मला काय ठाऊक नाय?" अप्पांनी आवाज खाली आणला. "मंग माझं कोण ऐकेल?"

पडदा गुंडाळता गुंडाळता फोटोग्राफर माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, ही बाई एवढ्या वेळात आत्ता कुठे नीट हसली.

*

पक्षाने इच्छुकांच्या मुलाखती कल्याणला ठेवल्या होत्या. अर्ज नंतर, आधी माणूस बघू, असं निरीक्षकांचं म्हणणं. आम्ही गेलो: अप्पा, आई, बाळूदादा आणि मी. केदार म्हणाला होता, "मीटिंग आहे. काय होतं ते बघू."

कार्यालयाबाहेर ही गर्दी! प्रत्येक इच्छुक आपली माणसं घेऊन आलेली. एक टिटवाळ्याची बाई ढोल-ताशा घेऊन आली होती, आणि तिचं नाव पुकारायच्या आधीच तिची मुलं दोनदा जिंकल्यासारखी नाचून दमली होती. अप्पा चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. मॅटच्या कडेला उभ्या वस्तादासारखे मला सूचना देत होते. "फक्त हसायचं. बाकी मी बघतो. अंग सैल ठेवायचं."

माझा पाय थांबत नव्हता. आईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. गर्दीतली एक बाई त्यांच्यापाशी वाकून नळाचं काहीतरी सांगत होती, आणि आई मान हलवत होत्या, पण नजर आतल्या दारावर होती. केस धुवून घट्ट अंबाडा घातला होता. सोबत यायला म्हणून कोणी एवढी तयारी करतं?

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ठाकुर्लीच्या बाई! आत या!"

मी उठले. आईही उठल्या. एकदमच!

मग त्यांच्या लक्षात आलं. "पाय आखडले होते गो," म्हणत त्या परत बसायला लागल्या.

"तू पण चल," अप्पा म्हणाले. "सोबत. सूनबाई घाबरलीय."

आत निरीक्षक साहेब. सकाळपासून ऐकून ऐकून चेहरा ओढलेला. टेबलापलीकडे पक्षाचे आणखी दोघं. अलीकडे अप्पा आणि मी बसलो, आई मागे. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बोला ताई. प्रभागातला सगळ्यात मोठा प्रश्न कुठला?"

"पार्किंग!" अप्पा म्हणाले.

"पार्किंग कसलं?" मागून आई. "म्हाताऱ्या माणसाला ताप आला तर रिक्षात घालून कल्याणला आणायला लागतं. जवळ दवाखाना नको?"

अप्पांनी मागे वळून डोळे वटारले. साहेबांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. "निवडून आल्यावर पहिलं काम काय कराल?"

"व्यायामशाळा! आधुनिक!" अप्पा.

"पोरींसाठी असेल तर करा. पोरांच्या दोन हायेत, तिथं पत्ते कुटतात."

"अगं, तू गप बस ना जरा!"

"मंग खरं सांगा ना जरा!"

टेबलापलीकडचे दोघं आता सरळ होऊन बसले होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. थेट मागे बघत विचारलं, "आणि समोरची उमेदवार प्रचाराला तुमच्याच दारात आली तर?"

"चहा देईन की," आई म्हणाल्या. "तिच्या आईला शुगर हाय, तिला पण असेल. साखर कमी टाकेन."

साहेब हसले. दुपार होत आली होती, बहुतेक ते पहिल्यांदाच हसले असावेत. मग त्यांनी अप्पांना विचारलं, "या कोण?"

"ही आमची मंडळी," अप्पा घाईने म्हणाले. "उमेदवार ही, आमची सूनबाई. ही आपली सोबत आलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेबलाखालून अप्पांचा बूट माझ्या चपलेला लागला. हस, असं सांगत होता. बाळूदादा दारात उभा. आई जमिनीकडे बघत पदर सारखा करत होत्या.

मी पाय मागे घेतला. आवाज आला तो मलाच अनोळखी वाटला.

"साहेब," मी म्हटलं, "अप्पांची जरा गडबड झाली. उमेदवार त्या आहेत. सोबत मी आलेय."