काकांचं उजव्या हाताचं धनुष्य

अफझलगंजच्या ज्या दुकानात मी कानस घ्यायला गेलो, तिथल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "क्या घिसना है मियाँ? लकडी या लोहा?" एका माणसाचं नाक, असं मनात आलं. तोंडानं मी म्हटलं, लकडी. त्यानं मोठ्या दातांची एक कानस कागदात गुंडाळून दिली. नल्लकुंट्याला परत येईपर्यंत बसमध्ये ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो. कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालू होती. कानस नेणं काही गुन्हा नाही. पण मला असंच होतं. पोलीस दिसला की मी खिशातलं आधार कार्ड चाचपतो.

मला काकांचं धनुष्य कापायचं होतं.

काका म्हणजे माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. नल्लकुंट्यातल्या त्या घरात मी त्यांना सांभाळायला होतो. जुन्या निजामी मुलुखातलं शेतकरी मराठी घर. शेती कधीच विकून झालेली, काका सरकारी नोकरीतून निवृत्त, मूलबाळ नाही, आणि अर्धांगानं पडलेल्या नवऱ्याला उचलणं काकूंच्या गुडघ्यांना जमत नव्हतं. मी सातपुड्याच्या पायथ्याचा, आदिवासी पाड्यावरचा. ओळखीच्या एका माणसाबरोबर इकडे बांधकामावर आलो आणि तिथून या घरी आलो.

शाळा मी सहावीत सोडली. मी डावखुरा. मास्तर डाव्या हाताच्या पेरांवर पट्टी मारायचे, आणि उजव्या हातानं काढलेलं अक्षर माझं मलाच वाचता यायचं नाही. एक दिवस दप्तर घरी ठेवलं आणि बकऱ्या घेऊन निघालो. बानं हातात काठी दिली. आज हे जे लिहितो आहे ते काकांमुळे. रोज दुपारी ते मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे आणि चार ओळी उतरवून काढायला सांगायचे. मी उजव्या हातात पेन घेतलं की म्हणायचे, "पायानं लिही, मला काय. वाचता आलं म्हणजे झालं." त्यांचं बोलणं अर्धं घशात राहायचं, पण हे वाक्य स्वच्छ यायचं. या माणसाचं माझ्यावर जे आहे ते फेडून फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

आता पुतण्याबद्दल. काकांच्या धाकट्या भावाचा हा मुलगा, राहायला शहराच्या नव्या भागात, कोंडापूरला, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. एका दिवाळीला फराळाला सगळे जमले होते. मी काकांना खीर भरवत होतो, चमच्यानं, डाव्या हातानं, कारण उजव्यानं माझ्याकडून सांडतं. पुतण्या समोर बसला होता. म्हणाला, "ए, ज्या हातानं त्यांना धुतोस त्याच हातानं खायला घालतोस काय?"

खरं तर धुवायला मी उजवा हात वापरायचो, डावखुऱ्याचं सगळंच उलटं. पण हे सगळ्या नातेवाइकांसमोर कसं सांगणार? मी चमचा उजव्या हातात घेतला. तो हलला, आणि खीर काकांच्या हनुवटीवर सांडली. काकांनी तोंड मिटलं. चमचा ओठांशी नेला तरी उघडेनात. मी हात बदलला, तेव्हा त्यांनी आ केला.

त्या दिवसापासून पुतण्याचं वाईट व्हावं असं मला वाटत आलं. फार मोठं वाईट नाही. बुटात पाय घालावा आणि आत पाल असावी, इतपत. पण रोज.

धनुष्य काकांच्या पलंगासमोर भिंतीवर असायचं. तरुणपणी, शिकारीला परवानगी होती त्या काळात, ते आदिलाबादच्या जंगलात हिंडलेले. परदेशातून आलेल्या एका मित्रानं ते त्यांना दिलं होतं. मधली मूठ तांबूस, जड लाकडाची. दोन्ही पाती लाकडाचीच, वरून काचेसारखा पिवळट थर दिलेली. वार्निशला बारीक तडे गेलेले, एका पात्याला सागाच्या खोडाला घासून गेलेला लांब ओरखडा. मुठीच्या वर डाव्या अंगाला लाकडात खाच कोरलेली, बाण टेकायला. आमच्या पाड्यावरच्या बांबूच्या धनुष्याला, कामठ्याला, डावं-उजवं नसतं, कुठूनही धरा. म्हणून ती खाच कोणाच्या बाजूची आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं. काकांच्या हयातीत मी ते पुसायचो, तेल लावायचो, कधी ते म्हणाले तर दोरी चढवून दाखवायचो. काकू विचारायच्या, "ह्याचं पुढं काय करायचं हो?" काका म्हणायचे, "चालवेल त्याचं."

काका गेले. तेरावं झालं. पाहुणे पांगल्यावर पुतण्या त्या भिंतीसमोर उभा राहिला आणि धनुष्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढू लागला. मी कप गोळा करत होतो.

"काकू, हे मी नेतो. हॉलमध्ये लावतो, वर एक लाइट. याला कोणी हात लावायचा नाही. ओरिजिनल कंडिशन आहे ही."

"ओरिजिनल म्हंजे काय रे?"

"म्हणजे जसं होतं तसं. हे ओरखडे, हे तडे, हे मुठीचं चामडं, सगळं."

"ते चामडं अफझलगंजच्या चपलेवाल्यानं लावलंय," काकू म्हणाल्या. "आधीचं उंदरानं खाल्लं."

पुतण्यानं चामड्याचा अजून एक फोटो काढला. "आता तेही ओरिजिनलच म्हणायचं."

"पण हे म्हणून गेलेत, चालवेल त्याचं. तू चालवतोस?"

"काकू, आता कोण चालवतं?"

"हा चालवेल की. ह्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे."

मी हातातले कप खाली ठेवले.

"हा?" पुतण्या हसला. "हा तर डावखुरा आहे. ही खाच बघा, उजव्या हाताच्या माणसासाठी आहे. ह्याला चालवायचं तर पलीकडचं लाकूड कापावं लागेल. कापलं की खल्लास, मग चुलीत घाला."

"आणि न कापता चालवलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर त्याचं. जाऊ दे घेऊन पाड्यावर, कोंबड्या मारायला."

"हौ," काकू म्हणाल्या. "महिन्याच्या श्राद्धाला ये मग. तोवर ते ह्याच्याकडं राहील."

जाताना दारातून तो मला म्हणाला, "तेल लावू नको त्याला." एवढंच.

कानस घेतली ती दुसऱ्या दिवशी. माझा हिशेब सरळ होता. पलीकडून खाच पाडली तर बाण बसेल, मी चालवीन. धनुष्य कमजोर झालं तरी चालेल, मधोमध फुटलं तरी चालेल. एकदा कानस फिरली की त्याचं ते ओरिजिनल मेलं. मला मिळो न मिळो, त्याच्या लाइटखाली ते जाणार नव्हतं. तेवढ्यावर माझी झोप चांगली लागली असती.

परसात कडुलिंबाखाली पाण्याच्या टाकीजवळ बसलो. धनुष्य गुडघ्यांत धरलं आणि कानस टेकवली. टेकवली तिथे लाकूड थोडं खोलगट होतं, काळसर आणि गुळगुळीत. काकांच्या तळहाताचा वरचा भाग इतकी वर्षं तिथेच टेकलेला. आपल्या हाताला घट्टा पडतो तसा लाकडाला पडलेला. पुतण्याचं नाक घासायला निघालो होतो आणि कानस ठेवली होती ती काकांवर. मी ती टाकीवर ठेवून दिली. राग होता तेवढाच होता. वाढलाच म्हणा, कारण आता त्याला वाट नव्हती.

मग मी दोरी चढवली आणि काकांच्या जुन्या बाणांतला एक घेऊन बघत बसलो. धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्यात, बाण त्या डाव्या खाचेत. दोन बोटांनी ओढलं की बोटांना पीळ पडायचा आणि बाण खाचेतून बाहेर घसरून पायावर पडायचा. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. चिडून मी दोरी मुठीत धरल्यासारखी अंगठ्यानं ओढली, नुसता राग काढायला. बाण हलला नाही. पीळ उलटा बसला होता आणि बाण लाकडाला चिकटून उभा होता.

मी घाईघाईनं दोरी सैल सोडली आणि इकडेतिकडे बघितलं.

आमच्याकडे दोरीला अंगठा लावत नाहीत. गुरूनं मागून घेतलेल्या अंगठ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी सांगत नाही. लहानपणी माझा अंगठा चुकून दोरीपाशी गेला की बा तो काडीनं बाजूला सारायचा. जेवताना चालतो, ओझं उचलताना चालतो, तीर सोडताना नाही. धनुष्य जसंच्या तसं ठेवायचं तर मला बदलावं लागणार होतं, आणि तेही नेमकं जिथं आम्ही बदलत नाही तिथं.

दोन दिवस तसेच घालवले. मग घरी बाला फोन लावला.

"बा, अंगठा लावू का दोरीला?"

पलीकडे बकऱ्यांचा आवाज.

"कशावर सोडतो?"

"कशावर नाही. पोत्यावर. एकाला दाखवायचंय."

"काय केलं त्यानं?"

मी खिरीचं सांगितलं. इतक्या वर्षांत घरी कधी सांगितलं नव्हतं. बा ऐकत राहिला. मग म्हणाला, "तिकडं लाव. तू त्या घरचं पाणी पितो. इकडं आला की नको लावू."

"बरं."

"आणि माझ्यासमोर तर नकोच."

जुन्या चपलेच्या पट्ट्याचा तुकडा कापून अंगठ्याला बांधला. काकूंनी माळ्यावरून काकांची जुनी गोणपाटं काढून दिली, ती चिंध्यांनी ठासून मागच्या भिंतीला उभी केली. आधी अगदी चार पावलांवरून सोडायचो, कारण बाण भिंतीवरून शेजाऱ्यांच्या अंगणात जाईल अशी भीती होती. शेजारच्या तेलुगू आजींना जाऊन आधीच सांगून आलो की या महिन्यात कपडे पलीकडच्या दोरीवर वाळत घाला. त्यांनी विचारलं, "एंदुकु बाबू?" का म्हणून? मी म्हटलं, पूजा आहे. अंगठा सुजला, साल गेली, पुन्हा आली. गोणपाटाला बाण लागला की मी मनात पुतण्याच्या एकेका वस्तूचं नाव घ्यायचो. गाडीची काच. घड्याळ. तो नवीन चष्मा.

श्राद्धाच्या दिवशी जेवणं उरकली आणि काकूंनी परसात खुर्ची आणायला लावली. पुतण्या हात पुसत आला, फोन काढून उभा. मी धनुष्य घेतलं. चामडं बांधलं, बाण ठेवला, ओढला. बाण गोणपाटाच्या मधोमध नाही लागला, डावीकडे कोपऱ्यात लागला, पण रुतला. दुसरा त्याच्या जरा आत.

"असं नसतं धरत," पुतण्या म्हणाला. "ही चीटिंग आहे."

"न कापता म्हणाला होतास," काकू म्हणाल्या. "कापलंय का ते बघ."

त्यानं धनुष्य माझ्या हातातून घेतलं. फोनचा टॉर्च लावून मुठीची एक बाजू बघितली, दुसरी बघितली, खाचेत नख घालून बघितलं. मी त्याच्याकडेच बघत होतो. त्याला काहीतरी सापडावं म्हणून तो किती जीव लावून शोधत होता, आणि मी तिथे काहीच ठेवलेलं नव्हतं. टाकीवरची कानस गंजायला लागली होती, तीही मी सकाळीच उचलून ठेवली होती. इतका सुखाचा वेळ मी आयुष्यात कमी घालवलाय. तो संपूच नये असं वाटत होतं.

शेवटी त्यानं ते परत दिलं. काकूंनी चहाचं विचारलं, तो नको म्हणाला आणि गेला.

धनुष्य आता मागच्या माझ्या खोलीत आहे. काकूंनी मला ठेवून घेतलं आहे, बाजारहाट आणि गुडघ्यांचं तेल माझ्याकडे. घर पुढे कोणाचं होईल या विचारानं मी अजूनही पहाटे जागा होतो, पण ते वेगळं.

गंमत अशी की पुतण्या यायला लागला. रविवारी काकूंना भेटायला म्हणून येतो आणि परसात उभा राहतो. एकदा म्हणाला, "मला शिकव ना." मी म्हटलं, शिकवतो दादा. तो उजव्या हाताचा, धनुष्य उजव्या हाताचं. तीन बोटांनी साधं ओढलं की बाण आपोआप खाचेत बसेल, इतकं ते त्याच्यासाठीच बनलेलं आहे. मी तेच सांगायला तोंड उघडलं होतं. पण तोच म्हणाला, "अंगठ्यानंच शिकव हां. मी वाचलंय, दख्खनची तीच ओरिजिनल पद्धत आहे."

मी तोंड मिटलं.

तेव्हापासून तो दर रविवारी अंगठ्याला चामडं बांधून ओढतो, उजव्या अंगठ्याचा पीळ खाचेच्या बाहेर पडतो, आणि बाण त्याच्या बुटावर पडतो. मी वाकून उचलतो आणि पुन्हा हातात देतो. रिकामी दोरी तेवढी सोडू देत नाही, धनुष्याला लागते. "माझं काय चुकतंय रे?" तो विचारतो. मी म्हणतो, सराव लागतो दादा, आमच्या तर पिढ्या गेल्या. काकू खुर्चीवर बसून वाल सोलत असतात. परवा त्या सोलता सोलता मला म्हणाल्या, "किती दिवस?"

"अजून थोडे," मी म्हटलं.

"हौ," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.