एका पौंडाचे पंचवीस

ठाण्याला माझ्या माहेरी कोणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या, की मी उठून कामाला लागत असे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही... पण माझ्या यजमानांच्या विलायतच्या प्रवासात जे घडले, ते मनात कुठे ठेवावे तेच कळत नाही. म्हणून लिहिते आहे.

आम्ही कल्याणचे, पारनाक्याजवळ राहणारे. हे मुंबईच्या एका कापडगिरणीत यंत्रांवर देखरेख करीत. शेठजींनी नवी यंत्रे पारखायला यांना एका जाणत्या गुमास्त्याबरोबर विलायतेला धाडले. जाण्याआधी हे मला हौसेने तिकडचा हिशेब शिकवीत – बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. माझे ज्ञान तेवढेच.

परतताना गुमास्ते तिकडेच राहिले आणि हे एकटे निघाले. फ्रान्सातल्या मार्से बंदरावर स्टीमर धरायची होती. पण बंदराला पोचले तेच तापाने फणफणून. जवळच्या एका लहान हॉटेलात आडवे झाले आणि स्टीमर निघून गेली. इकडे आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात कुरडया राखीत बसले होते. खाडीवरून वारा येत होता... डोळा लागला असावा. मी एका उंच खोलीत होते. पिवळे पडदे वाऱ्याने फुगत आणि हळूच खाली बसत, आणि त्यांच्याबरोबर खोलीतला उजेडही फुगे, बसे. पलंगावर हे होते. गाल बसलेले, दाढी वाढलेली. मला जराही नवल वाटले नाही. मी जाऊन उशाशी बसले. इतक्यात एक जाडशी गोरी बाई आली आणि मोडक्या इंग्रजीत ‘पन्नास’ म्हणाली. यांनी सोन्याच्या पौंडांची अख्खी थैली तिच्यापुढे धरली.

“अहो, दोनच द्या,” मी म्हणाले. “एकाचे पंचवीस होतात.”

यांनी माझ्याकडे पाहिले, आणि दोन नाणी काढून तिच्या हातावर ठेवली.

जागी झाले ती सासूबाईंच्या हाकेने. माझे शब्द त्यांनी ऐकले होते. झोपेतसुद्धा आंब्यांचा भाव करतेस का, म्हणून त्या हसल्या. मीही हसले. पण त्या दिवशी घरात वावरताना पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नव्हते.

हे घरी आले ते पार सुकून. ओसरीवर बसून सगळे सांगू लागले. जाताना वाटेत पैसे बदलण्याचे काम गुमास्त्यांनीच केले होते, त्यामुळे फ्रान्सच्या नाण्याचा, फ्रँकांचा, भाव यांना ठाऊकच नव्हता. हॉटेलवालीने आगाऊ मागितलेले पन्नास फ्रँकच होते, म्हणजे दोनच पौंड; पण तापात यांना पन्नास पौंडच वाटले. ती थैली तेव्हा गेली असती, तर ना डॉक्टरला द्यायला काही उरले असते, ना पुढच्या बोटीच्या तिकिटाला. तेवढ्यात उशाशी माझा आवाज ऐकू आला – दोनच द्या. दिवस ताडून पाहिला, तोच निघाला. मग मी पडद्यांचा रंग सांगितला, तोही जुळला.

स्वप्न म्हणावे, तर फ्रँक हा शब्दही मी तोवर ऐकला नव्हता. मग तो भाव मला सांगितला कोणी?

यानंतर यांनी राहिलेले सांगितले. बरे होऊन निघताना त्या बाईने खोलीचे पैसे दोघांचे मागितले, जेवणाचे मात्र एकाचेच. यांनी हरकत घेतली, तेव्हा तिने पलंगाच्या उशाकडे बोट केले. तुमच्या बाईसाहेब ताप उतरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत, म्हणाली; खायला विचारले की नुसती मान हलवीत.

मी तर एकच दुपार झोपले होते... याचा उलगडा मला आजवर झालेला नाही, यांनाही नाही. त्या दिवशी मी एवढेच विचारले, की मग तुम्ही काय केलेत?

“दिले,” हे म्हणाले. “तू होतीस ना.”