इंजिनाला दोन ड्रम पाणी

“जवाई, पानी कुठून आनलं?” मामाजी इंजिनावरून ओरडले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. ते ज्यावर उभे होते ते वाफेचं इंजिन त्यांच्याहून म्हातारं. दोघंही तापलेले होते, आणि दोघांच्या तापण्याला मीच कारण होतो.

“पानी कुठून आनतेत मामाजी? जिथी असते तिथून,” मी म्हणालो. समोर पाचशे माणसं होती (बायको सत्तर म्हणते, तिला मोठे आकडे झेपत नाहीत), आणि पाचशे माणसांसमोर सरळ उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही.

आमच्याकडे सासऱ्यानं जावयाला शिवी देऊ नये असा रिवाज आहे. तो ज्यानं पाडला त्याचा फोटो मी देवघरात लावायला तयार आहे. मामाजींच्या ओठावर त्या क्षणी किमान सहा शिव्या रांगेत उभ्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून गिळल्या आणि लेकीकडे वळले.

“वैशाली, तुह्या नवऱ्याले विचार, पानी कुठून आनलं.”

वैशाली माझ्यापासून दोन हातांवर होती. “पानी कुठून आनलं?” तिनं विचारलं. बायकोला तो रिवाज लागू नसल्यामुळे तिनं शेवटी एक शब्द जोडला. तो इथं देत नाही.

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगतो. आलापल्लीच्या अलीकडे एका गावात एक बंद पडलेली आरागिरणी आहे. एके काळी तिथं सागाचे ओंडके चिरले जात. पुढे करवती गेल्या, पत्रे गेले, कुंपण गेलं. राहिलं ते चार लोखंडी चाकांवरचं इंजिन: आडवा बॉयलर, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला उंच धुराडं आणि अंगावर बैलगाडीच्या चाकाहून मोठं फिरतं चाक. मामाजी बॉयलरचं काम इथंच शिकले. नंतर जन्मभर त्यांनी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात इमारतीएवढे बॉयलर चालवले, पण त्यांच्याबद्दल विचारलं की म्हणतात, “ते सरकारचे होते.” हे मात्र “आपलं.” निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात ते इथं येऊन त्याच्या नळ्या साफ करत. लग्नाआधी त्यांनी माझी चौकशी केली नाही एवढी त्या नळ्यांची केली. (केली असती तर ही गोष्ट घडली नसती, असं वैशालीचं मत आहे.)

गिरणीच्या मालकाचा नातू चंद्रपुरात मोबाइल विकतो. त्याला गावात शेठ म्हणतात. आजोबांच्या वारशावर त्याचं इतकं प्रेम की तो वारसा सगळ्यांना मिळावा म्हणून तुकडे करून विकायला निघाला होता. मामाजी महिनाभर त्याच्या दुकानात जाऊन बसले तेव्हा तो वाकला.

“मिस्त्रीभाऊ, पब्लिकसमोर दहा फेरे फिरवून दाखवा. इथीच ठेवतो, वरतून शेड टाकतो. नाई फिरलं तर सोमवारी भंगारवाला गॅस कटर घेऊन येते.”

मामाजींनी रीतसर तपासणी करून घेतली, एका दिवसाची लेखी परवानगी आणली. पाहुणे म्हणून ठाणेदार साहेब आणि गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष यमुनाबाई यांना बोलावलं. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळत नाही. म्हणजे दुकानात. यमुनाबाई सहसा कोणाच्या कार्यक्रमाला जात नाहीत, पण मामाजींनी पंचशील नुसतं म्हटलेलं नाही, पाळलेलं आहे. चौऱ्याहत्तर वर्षांत एक थेंब नाही. आमच्या नातेवाइकांत असा माणूस बघायला लोक तिकीट काढून येतील.

मला एकच काम दिलं होतं. पाणी.

“बोअरचं नोको. खार बसते नळ्यात. शाळेमागच्या विहिरीचं आना, अन् कपड्यातून गाळून घ्या,” मामाजींनी बजावलं. अर्धा बॉयलर त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच बादली-बादलीनं भरला होता. उरलेलं दोन ड्रम पाणी माझ्याकडे.

सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन विहिरीवर गेलो. आत वाकून बघितलं. पाणी फार खाली होतं आणि मी वर होतो, त्यामुळे आमचं काही जमलं नाही. परत येताना नाल्याच्या काठी मोहाच्या झाडाखाली दोन निळे ड्रम दिसले. पळसाच्या पानांनी झाकलेले, काठोकाठ भरलेले. कोण्या भल्या माणसानं जनावरांसाठी पाणी भरून ठेवलंय म्हणून मला गहिवरून आलं. पाण्यात फुलं तरंगत होती; मार्च महिना, झाडाखाली ठेवल्यावर फुलं पडणारच. रंग कोऱ्या चहाचा. नाल्याचं पाणी असंच असतं. आणि वास म्हणाल, तर ऊर्जानगरच्या राखेत-धुरात वीस वर्षं काढलेल्या माणसाचं नाक हे फक्त चष्मा टेकवायला असतं. मी छोट्या पंपानं पाणी आमच्या ड्रमांत उपसून घेतलं. वैशालीच्या नव्या ओढणीतून गाळलं सुद्धा. काम म्हणजे काम.

मामाजींनी भट्टी पेटवली. वाफ व्हायला तीन तास लागतात, हे शेठला कोणी सांगितलं नव्हतं. तो दर दहा मिनिटांनी मोबाइल समोर धरून विचारायचा, “झालं का भाऊ?”

“वाफ शेठले ओळखत नाई,” मामाजी म्हणायचे.

बॉयलरला एक काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी दिसतं. मामाजी तिच्यापाशी वाकले. “फेस काऊन येऊन राह्यला?”

“ताजं पानी हाये मामाजी, खेळून राह्यलं,” मी म्हणालो. (शास्त्रीय विषयावर मी कधी गप्प बसत नाही.)

शेवटी वाफेच्या दाबाचा काटा वर चढला. मामाजींनी शर्टाची वरची गुंडी लावली, जणू फोटो काढायचा आहे, आणि लोकांना समजावलं, “सिलिंडर थंड हाये. पयली वाफ आत जाऊन तिचं पानी होते. ते अगुदर काढा लागते.” त्यांनी खाली बादली लावली, वाफ थोडी सोडली आणि तोटी उघडली. चाक अर्धा फेरा हललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोटीतून काचेसारखी स्वच्छ धार बादलीत पडू लागली.

टाळ्या हळूहळू थांबल्या. मागे सावलीत बसलेले म्हातारे उठले आणि पुढे आले. त्यांच्या मागून तरुण आले. यंत्राबद्दल एवढी ओढ मी कुठल्याच प्रदर्शनात पाहिलेली नाही. माणसं डोळे मिटून धुराड्याच्या दिशेनं दीर्घ श्वास घेत होती. चैतूभाऊ नावाचा एक म्हातारा बादलीपाशी बसला, बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पयल्या धारेची,” तो म्हणाला.

ठाणेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. यमुनाबाई खुर्चीतून उठल्या. “मिस्त्रीभाऊ, हे काय होय?”

तेव्हा मामाजी ओरडले, आणि पुढचं तुम्ही ऐकलंच आहे. वैशालीच्या त्या शब्दानंतर मात्र माझी मान खाली गेली.

“नाल्यावरून आनलं,” मी सांगितलं. “मोहाच्या झाडाखाली निळे ड्रम होते.”

“फुलं होती त्याच्यात?” मामाजींनी विचारलं.

“होती. पन मी गाळली.”

मोहफुलं पाण्यात आठवडाभर कुजवली की त्याला सडवा म्हणतात. सडवा भांड्यात घालून खाली जाळ केला आणि वाफ थंड केली की दारू होते. लोक हे जंगलात, लपूनछपून, दोन मडक्यांत करतात. मी ते लोखंडी बॉयलरमध्ये, मंडप टाकून, ठाणेदारांना हार घालून केलं होतं. ड्रम चैतूभाऊंचे होते, हे मला नंतर समजलं. ते डोळ्यांतलं पाणी कौतुकाचं नव्हतं.

शेठ मामाजींच्या कानाशी लागला. “भाऊ, फिरवून टाका ना. दहा फेऱ्यानं काय होते? व्हिडिओ चालू हाये.”

मामाजींचा हात वाफेच्या मुठीवर होता. थोडी मूठ फिरवली की चाक फिरणार, आणि चाक फिरलं की इंजिन राहणार. त्यांनी इंजिनाकडे बघितलं, यमुनाबाईंकडे बघितलं. ज्या माणसानं स्वतः थेंब घेतला नाही, तो ‘आपल्या’ इंजिनालाही घेऊ देणार नव्हता. त्यांनी मूठ बंद केली, खाली उतरले आणि लोखंडी आकड्यानं भट्टीतला जाळ बाहेर ओढून काढला.

“नाई फिरलं, शेठ,” ते म्हणाले. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी ती तोटी पुसली, आणि पुसतच राहिले.

“मंग सोमवारी गाडी बोलावतो,” शेठनं मोबाइल खिशात टाकला.

“कशाची गाडी?” ठाणेदार पहिल्यांदा बोलले. हवालदार कागद काढून पंचनामा लिहीत होता: भट्टी एक, लोखंडी, चाकांसहित. “हे जप्त झालं. मुद्देमाल होय हा.”

“साहेब, माह्या आजोबाचं इंजिन होय.”

“म्हनजे भट्टी तुमची? तुमचंही नाव टाकू का?”

शेठला एकदम आठवलं की त्याचा या गावाशी फारसा संबंध नाही.

आता एवढा अजस्र मुद्देमाल ठाण्यात नेणार कसा? ठाण्याच्या फाटकातून मोटारसायकल सुद्धा तिरपी करून घ्यावी लागते. तेव्हा तो जागेवरच ठेवून, लेखी, एखाद्या भरवशाच्या माणसाच्या ताब्यात द्यायचं ठरलं.

“न पिनारा एकच माणूस हाये इथी,” यमुनाबाई म्हणाल्या.

मामाजींनी सही करण्याआधी सगळा कागद दोनदा वाचला. “साहेब, तेलपानी करता येते का याचं?”

“करावंच लागंल. निकालापर्यंत जसा हाये तसा ठेवा लागते.”

“पावसात गंजंल.”

“मंग शेड टाका. मुद्देमाल गंजला तर कोर्टात जाब मले द्या लागते.”

चैतूभाऊंना विचारलं, ड्रम तुमचे का. ते बादलीकडे शेवटचं बघत म्हणाले, “नाई जी, माहे कायचे?” त्यामुळे आरोपी क्रमांक एक मी, आणि क्रमांक दोन कोणीच नाही.

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. इंजिनावर टिनाची शेड आहे, पितळ आरशासारखं चमकतं, शाळेच्या सहली येतात. मी दर तारखेला ऊर्जानगरहून बसनं कोर्टात जातो, पुढची तारीख घेतो आणि येतो. परवा वकिलानं सांगितलं, कबूल करून टाका, किरकोळ दंड होईल, मोकळे व्हाल. मी ही आनंदाची बातमी घेऊन शेडमध्ये गेलो. मामाजी चाकाला तेल देत होते. मी सगळं सांगितलं, आणि संधी साधून हेही म्हणालो, की मामाजी, खरं बघितलं तर हे इंजिन माझ्यामुळेच वाचलं, नाई का?

त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला.

“कबूल नोका करू, जवाई,” ते म्हणाले. “निकाल लवकर लागते.”