अंगातली कसर

दुपारची फेरी आटोपून गावची आशा सेविका इंदा रजिस्टर उशाला घेऊन आडवी होते. झोप कुठली येतेय, म्हणता म्हणता डोळा लागतो. केलेल्या पापाची लाज वाटणाऱ्या माणसालाही झोप येते, हीच मोठी लाज.

चुलीपाशी सासू बसलीय. तानूबाई. मरून चार महिने झाले, तरी चहा उकळतेय.

"आत्याबाई, तुम्ही?"

"मग कोण? साखर कुठं ठेवलीस? पुन्हा मीठ पडंल, पुन्हा तू वरडशील."

इंदाला आठवतं. चहात मीठ पडलं तो मंगळवार. त्याच सकाळी सासू म्हणाली होती, "इंदे, अंगात कसर हाय गं." इंदानं थर्मामीटर लावला. सत्त्याण्णव. गावभर ताप बघत हिंडणारी बाई ही. रजिस्टरात तापाला रकाना आहे, कसरीला नाही. "काही नाही तुम्हाला," म्हणाली. संध्याकाळी सासूनं विचारलं, "तू कुणाची गं पोरी?" फेरीला उशीर झाला म्हणून म्हातारी टोमणा मारतेय, असं इंदानं धरलं. "नाटकं बंद करा," खेकसली. बुधवारीही तेच. गुरुवारी सासूची छाती भात्यासारखी उडायला लागली, तेव्हा कुठं दवाखान्याची गाडी बोलावली. शुक्रवारी सगळं संपलं. आणि ही गावात सांगत सुटली, "बुधवारपर्यंत ठणठणीत होत्या हो!"

चूल आता दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. सलाइनच्या स्टँडवर सासूनं लुगडं वाळत घातलंय. कुणी काही म्हणत नाही.

"डॉक्टर काय म्हणला तुला?"

"छातीतले जंतू रक्तात गेले म्हणाले. म्हातारपणी अंगाची लढायची ताकद मंदावते. जंतू कितीही माजले तरी ताप चढेलच असं नाही. बरळणं, जेवण सुटणं, गळून पडणं, यावरनंच ओळखायचं." इंदा मान खाली घालते. "मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आत्याबाई."

"मी सांगितलं की." सासू फुंकणी खाली ठेवते. "वल्या सरपणाला जाळ येत न्हाई, इंदे. नुसता धूर येतो. धूर दिसत हुता तुला. तू जाळ मोजत बसलीस."

"माफ करा."

"मेलेल्याची माफी मागतीस व्हय? सोपं काम धरलंस."

शाळेच्या पडवीत लसीकरणाची रांग आहे. रांगेत दोघीच. सासू दातांना मिश्री लावतेय.

"आज कोंडीच्या नावापुढं काय लिवलंस?"

कोंडी म्हणजे पलीकडच्या गल्लीतली कोंडामावशी, वय ऐंशी. दोन दिवस पोटात अन्न नाही. सकाळी थर्मामीटर साडेसत्त्याण्णवच्या वर सरकला नाही. "लगीन झालं का गं तुझं?" म्हातारीनं इंदाला विचारलं. इंदाच्या लग्नाची हळद तिनंच जात्यावर दळली होती. सून शालन खदखदून हसली. इंदाही हसली. आणि लिहिलं, ताप नाही.

"लिवलंस न्हवं?"

"मग काय करू? ताप नसताना गाडी बोलव म्हटलं तर शालन विचारंल, तुला कसं कळलं? सगळंच सांगावं लागंल. गाव थुंकंल माझ्यावर."

"थुंकू दे. थुंकी पुसता येती." सासू तोंडातलं बोट काढते आणि इंदाच्या मनगटावर घसकन ओढते. "कोंडी गेल्यावर काय पुसशील?"

इंदा दचकून उठते. सव्वातीन. मनगटावर काळा ओलसर पट्टा, तंबाखूच्या उग्र वासाचा. या घरात मिश्री लावणारं आता कुणी नाही.

ती तशीच, अनवाणी, शालनचं दार गाठते.

"गाडी बोलव. मावशीला दवाखान्यात न्यायचंय."

"आँ? ताप न्हाई म्हणालीस की सकाळी."

"नाहीच आहे." इंदाचा आवाज फाटतो. शेजारणी दारात आल्यात, तरी ती थांबत नाही. "माझ्या सासूलाही नव्हता. दोन दिवस सांगत होती ती मला. मी तिला नाटकी म्हणाले. ठणठणीत होती म्हणून तुम्हाला सांगितलं ते खोटं."

शालनची नजर खाली जाते.

"मनगटाला काय लागलंय गं तुझ्या?"

"आधी फोन लाव," इंदा म्हणते.