राजाचं तोंड आणि आखाजीची घागर

परवा नातीने टपालाचं पाकीट माझ्यासमोर धरलं. तिकिटावर मातीचं मडकं छापलं होतं. "बघ आजी, कुंभाराचा केवढा मान!"

मान कसला डोंबलाचा! हे मडकं आज तिकिटावर बसलं. पण इंग्रजी अमलात तिकिटावरचा राजा आमच्या मडक्यावर बसायला निघाला होता, आणि माझ्या बापाने त्याला दारातूनच परत पाठवला. ते कुणी छापत नाही, म्हणून मी सांगते.

तळोद्याला कुंभारवाड्यात आमचं घर. मी बारा-तेरा वर्षांची. होळी नुकतीच झाली होती. कचेरीतला कारकून आला आणि त्याने बापापुढे एक जुनं पाकीट टाकलं. साहेबाचा मुक्काम येणार होता. त्याच्या तंबूपुढे चार रांजण हवे होते आणि प्रत्येकाच्या पोटावर तिकिटावरचं तोंड मातीत उठवायचं होतं. दाढी, मुकुट, सगळं हुबेहूब.

बापाने तिकीट उन्हात धरून बराच वेळ पाहिलं.

"राजा जित्ता शे का?"

"म्हणजे काय? आहेच!"

"मंग माले जमाव नही. आमना घरमा तोंड करतस ते देवनं, नहीते मरेल मानूसनं. जित्तानं करं, ते त्यानी घडी भरस."

कारकून लाल झाला. आता हट्ट धरायचा म्हणजे राजाचं मरण मागायचं, आणि तेही सरकारी कामात! मग त्याने हाताशी होतं ते हत्यार काढलं. "नाल्याकाठची माती सरकारची आहे. उद्यापासून एक टोपलीही उचलायची नाही."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर होती. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी नवी कोरी घागर भरून पितरांपुढे ठेवतात. आमचं वर्षभराचं पोट त्या एका सणावर. माय बापाशी कडाकडा भांडली. "एक तोंड काढी टाकं, ते तुन्हं काय जाई?"

"मन्हं नही, त्यानं जाई," बाप म्हणाला. माय हसली नाही. खरं सांगते, मलाही वाटत होतं की बापाने मुकाट्याने तोंड काढून द्यावं. मला भीती वाटत होती. त्या भीतीची लाज मला अजून वाटते.

चाक थांबलं. गाढवं दारात उभी राहून कंटाळली. सण जवळ आला तशा बाया येऊ लागल्या. मारवाड्याची सून आली, शेतकऱ्यांच्या घरच्या आल्या. घरात भांडणारी माय त्यांच्यापुढे मात्र कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "कचेरीनी माती बंद करी टाकी. तठेच मांगा घागर!" प्रत्येकीला हेच, तितक्याच मोठ्याने. माझी भीती तिथे गेली. मीही तिच्या शेजारी कंबरेवर हात ठेवून उभी राहू लागले.

सणाला दहा दिवस उरले तेव्हा कारकुनाची आई आली. थंडीत तिचा नवरा गेला होता. "मन्हा धनीनी पहिलीच घागर शे, भाऊ. देशी ना?"

"माती दखाड माय, लगेच देस."

ती तशीच वळली. घरी लेकाला काय म्हणाली ते तिचं तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळीच कोतवाल सांगून गेला, माती न्या. चुकलं वगैरे कुणी म्हणालं नाही. आम्हीही वाट पाहिली नाही, गाढवं हाकलली.

आखाजीच्या आदल्या दिवशी कारकून स्वतः घागर न्यायला आला. बापाने बाजूला ठेवलेली घागर त्याच्यापुढे केली. तिच्या पोटावर एक तोंड उठवलेलं होतं. बसके गाल, मोठे कान, डाव्या भुवईवर चामखीळ. कारकुनाचा बाप दर उन्हाळ्यात आमच्याकडूनच माठ नेई, दहा माठांना टिचक्या मारून एक निवडी. बापाला त्याचं तोंड पाठ होतं.

कारकून बघतच राहिला. त्याचा हात चामखिळीवर गेला आणि तिथेच थांबला.

"तोंड आसं करतस, भाऊसाहेब," बाप म्हणाला. "तुमना राजाले जगू द्या."

कारकुनाने घागरीला टिचकी मारली नाही. डोक्यावरची टोपी काढून तिची चुंबळ केली, तीवर घागर ठेवली आणि भर बाजारातून बोडक्या डोक्याने घरी घेऊन गेला.