आईची होडी

बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की सातपाटीच्या घरातली एक दुपार आठवते. वडील दर्यावर गेले ते परतलेच नाहीत, आणि आईने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, पालघरला दारोदार फिरून आम्हा भावंडांना वाढवलं. म्हातारपणी छातीच्या दुखण्याने तिची पाटी सुटली. तेव्हा मी माहेरी गेले, तर ती धापा टाकत चुलीतल्या कोळशाने भिंतीवर होडी काढत होती. जन्मात तिने कधी चित्र काढलं नव्हतं. होडीत एकटी बाई सुकाणू धरून बसली होती. "आई, ही कोण गं?" मी विचारलं. "मीच हाय." "बाया कुठं होडी घेऊन दर्यात जातात?" "भिंतीवर कोण अडवतंय मला?" ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन तिने पुन्हा कोळसा उचलला. "अजून मासे काढायचे हायत." त्यानंतर ती फार जगली नाही, पण तेवढ्यात सगळी भिंत माशांनी भरली. ती गेली तेव्हा बायका तिची काळी बोटं घासून धुवायला लागल्या, तर मी त्यांना थांबवलं. जन्मभर आमच्या पोटासाठी राबलेले ते हात पहिल्यांदाच स्वतःच्या हौसेने मळले होते, असं मला आजही वाटतं.