हुसेनचाचांची उदबत्ती

ज्या हॉटेलात तुम्हाला सकाळी गरम पाणी मिळतं, तिथल्या बॉयलरचा धूर कुठून बाहेर जातो, आणि तो खरंच बाहेर जातो की नाही, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? मीही विचारलं नव्हतं. मला ते शिकवणारा माणूस गेल्या महिन्यात गेला.

बातमी आणली ठकूमावशींनी. तुंगार्लीच्या एका हॉटेलात त्या कपडे धुण्याचं, इस्त्रीचं काम करतात. भर दुपारी काम सोडून लोणावळ्याच्या बाजारापर्यंत चालत आल्या, माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाचा गेलं रं." मग पदर तोंडाला लावून पायरीवरच बसल्या... त्या आज श्वास घेत आहेत त्या हुसेनचाचांमुळे. आणि त्यांचा श्वास जवळजवळ थांबवला होता तो मी.

हुसेनचाचा मूळचे आंदर मावळातले. बाजारात त्यांचं पत्रेकामाचं दुकान होतं. बंब, पन्हळी, धुराचे नळ, सगळं त्यांच्या हातचं. मी त्यांच्या दुकानात बसून कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाचायचो आणि लिहायचोही. हातोडीच्या ठोक्यांत माझी वाक्यं जास्त धारदार होतात असं मला वाटे. चाचा ऐकत, मध्येच विचारत, "ह्यात भांडण कुनाशी हाय, तेवढं सांग."

महायुद्ध सुरू होण्याच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. त्या हॉटेलात कोळशाचा जुना बॉयलर काढून तेलावर चालणारा नवा बसवायचं ठरलं. बॉयलर असणार होता धुण्याच्या खोलीतच, जिथे पाच बायका दिवसभर राबत. मालक धुरासाठी वीतभर रुंदीचा नळ लावणार असं कानावर आलं आणि माझं रक्त तापलं. पाहुण्यांना प्रशस्त व्हरांडे आणि बायकांना वीतभर नळ! मी पत्रक लिहिलं: कष्टकरी बायकांना रुंद धुराडं मिळालंच पाहिजे. छापण्याआधी चाचांना वाचून दाखवलं.

"कागद झ्याक हाय," ते म्हणाले. "पर तू तितं गेलतास का?"

"अन्याय कळायला तिथं जावं लागत नाही."

"धुराडं कळायला जावं लागतं. रुंद म्हंजी चांगलं असं न्हाई, भाऊ. बंबाला हंड्याएवढी नळी बसवलीस तर जाळ वर चढंल का?"

मी म्हणालो, "चाचा, तुम्ही मालकाची बाजू घेताय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातोडी उचलली. ते पाहणं मला अजून विसरता येत नाही.

पत्रक वाटलं गेलं. मालकाने मागणी लगेच मान्य केली, कारण कोळशाच्या जुन्या बॉयलरचं विटांचं धुराडं तिथे उभंच होतं, माणूस आत उतरेल एवढं रुंद. नवा बॉयलर त्यालाच जोडला. आम्ही जिंकलो म्हणून मी चिक्की वाटली.

श्रावणात धुकं खोलीच्या दारापर्यंत आलं, दारं बंद राहू लागली, आणि एका सोमवारी ठकूमावशी इस्त्री करता करता कोसळल्या. बाहेर ओढून नेल्यावर शुद्धीवर आल्या. सोमवारचा उपास बाधला, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. चाचा मात्र म्हणाले, "ती पोरवयापासनं उपास करती. आजच कसा बाधला?" आणि छत्री घेऊन तुंगार्लीला निघाले. मी मागोमाग गेलो.

बॉयलरच्या नळाला बाजूला हवेसाठी एक लहान झडप असते. बॉयलर पेटता ठेवून, खोलीची दारं सताड उघडून चाचांनी त्या झडपेपाशी पेटती उदबत्ती धरली. धुराची रेघ आत ओढली जायला हवी होती. ती वळली आणि सरळ आमच्या तोंडावर आली. त्यांनी उदबत्ती माझ्या हातात दिली. "धर. तुजा कागद कुटं चाललाय बघ."

मग त्यांनी समजावलं. धूर ऊबेवर चढतो. कोळशाचा दांडगा जाळ ते धुराडं तापवत होता; तेलाचा धूर मात्र एवढ्या रुंद, गार धुराड्यात पसरतो, थंडावतो आणि माघारी येतो. तेलाचा धूर नीट दिसतही नाही, म्हणून जास्त वंगाळ. त्यांनी गाठी मारलेल्या दोरीने बॉयलरचं तोंड मोजलं, वळणं मोजली, छपराची उंची मोजली. जुन्या धुराड्याच्या आतून बॉयलरच्या तोंडाएवढाच नळ घालायचा, त्याहून बारीक नाही, एकच वळण ठेवायचं आणि टोक आढ्याच्या दोन हात वर काढायचं. मालक कुरकुरला, व्हरांड्यातून पाहुण्यांना नळ दिसेल. चाचा शांतपणे म्हणाले, "आज नळ दिसंल, शेट. न्हाईतर उद्या तिरडी दिसंल."

नळ बसला. त्या दिवशी त्यांनी बायकांना आत येऊ दिलं नाही. पावसात असतात तशी दारं लोटून घेतली आणि बॉयलर पेटवून दिवसभर स्वतः आत बसले, एकामागून एक उदबत्त्या लावत. प्रत्येक कामानंतर ते असंच करत, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा कपड्यांना मोगऱ्याचा वास येत होता. मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, "कागद सोडू नगंस. लय गरज हाय त्याची. पर आदी जाऊन बस तितं, मंग लिही."

मी अजून पत्रकं लिहितो. आता आधी जाऊन बसतो.

परवा त्या खोलीत गेलो होतो. खिळ्याला चाचांची गाठींची दोरी टांगलेली आहे, खाली उदबत्त्यांचा पत्र्याचा डबा. ठकूमावशी रोज सकाळी झडपेपाशी एक उदबत्ती धरतात. नवा मॅनेजर समजतो, बाई बॉयलरची पूजा करते. मावशी त्याला सांगत बसत नाहीत. रेघ आत गेली की पदर खोचून कामाला लागतात...

वाचकहो, तुमच्या हॉटेलात, वसतिगृहात, कारखान्यात असा बॉयलर असेल तर उद्या सकाळी तिथे जा. तेल सांडलेलं नाही ना, ते पाहा, दारं उघडा आणि झडपेपाशी एक उदबत्ती धरा. धूर तुमच्याकडे वळला तर बॉयलर विझवा, माणसं बाहेर काढा आणि जाणता कारागीर बोलवा. कुणी तरी चक्कर येऊन पडेपर्यंत थांबू नका.